अंगावर पाजताना मानसिक आजाराची औषधं: कशी ठरवायची, कशी घ्यायची, बाळाचं काय पाहायचं

बाळंतिणीला नैराश्याची किंवा चिंतेची गोळी लिहून दिली, की घरात लगेच दुधाची चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, पाजतेय तोवर गोळी नको. कुणी म्हणतं, गोळी घ्यायची तर अंगावरचं बंद कर. बहुतेक औषधांच्या बाबतीत या दोन्हींची गरज नसते. गोळी थांबवली तर आजार उलटतो, आणि उपचाराविना राहिलेला आजार बाळालाही सोसावा लागतो. दूध तोडलं तर बाळाचं दूध जातं आणि आधीच खचलेल्या आईला स्वतःला दोष द्यायला आणखी एक कारण मिळतं. म्हणून नेमकं विचारा: कोणतं औषध, किती मात्रेत, किती दिवसांच्या बाळाला, आणि बाळावर लक्ष कसं ठेवायचं? औषध आणि मात्रा ठरवणं डॉक्टरांचंच काम आहे. पण काय विचारायचं ते आधी माहीत असलं, की दवाखान्यातली दहा मिनिटं वाया जात नाहीत.

पायरी १: आजार कोणता ते आधी ठरू द्या

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू, चिडचिड आणि भरून येणं दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला गोळी लागत नाही. दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. एडिनबरो प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात आणि ३० पैकी गुण मिळतात. १० ते १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर तपासणी हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, बाळंतपणानंतरचा सायकोसिस होतो. झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं असंबद्ध होतं, आवाज ऐकू येतात, ‘हे माझं बाळ नव्हे’ असं ठाम वाटू लागतं. याला बाहेरची बाधा समजून एक रात्रही घालवू नका. बाईला आणि बाळाला एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा.

औषध सुरू होण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांसमोर यायलाच हव्यात. पहिली थायरॉईडची, म्हणजे टीएसएचची तपासणी आणि हिमोग्लोबिन, कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडला तरी लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. दुसरी जुनी हकीकत. पूर्वी कधी चार-पाच दिवस झोपेविना उत्साहात गेले होते का, बोलणं आणि खर्च बेसुमार वाढला होता का, घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य असा आजार आहे का? असं असेल आणि नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली, तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. हे विचारायचं राहून गेलं तर तुम्ही स्वतःहून सांगा.

पायरी २: कागद तयार ठेवा

एका कागदावर लिहा: बाळाची जन्मतारीख, किती आठवड्यांचं जन्मलं, जन्माचं आणि आजचं वजन, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का. मग तुमची औषधं: गरोदरपणी कोणती, आत्ता कोणती, पूर्वी कोणती लागू पडली होती. गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्या, नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली औषधं सर्रास मिळतात आणि बऱ्याचदा ब्रँडच्या नावापुढे फक्त ‘प्लस’ असतं. बाई म्हणते मी एकच गोळी घेते, पण त्या एका गोळीत झोपेचंही औषध असतं, आणि बाळ सुस्त का याचं कोडं पडतं. स्ट्रिपेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मूळ औषधांची नावं आणि मिलिग्रॅम असतात, ते वाचा.

पायरी ३: ‘दुधात उतरतं’ म्हणजे किती, ते विचारा

जवळपास प्रत्येक औषध थोडंफार दुधात उतरतं. किती उतरतं ते सांगणारा एक आकडा आहे, डॉक्टर त्याला आरआयडी म्हणतात. आईच्या किलोमागे असलेल्या मात्रेच्या किती टक्के मात्रा बाळाला किलोमागे मिळते, हे तो सांगतो. बाळ दिवसाला किलोमागे १५० मिलिलिटर दूध पितं असं धरतात. १० टक्क्यांखालचा आकडा साधारणपणे चालण्याजोगा मानतात.

उदाहरण घेऊ. आई ५५ किलोची, सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम रोज. समजा दुधात लिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम औषध आहे. ४ किलोचं बाळ दिवसाला ६०० मिलिलिटर प्यायलं, तर त्याच्या पोटात २७ मायक्रोग्रॅम जाईल. आरआयडी येतो पाऊण टक्क्याच्या आसपास. याच गतीने ५० मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी पोटात जायला बाळाला पाच वर्षं लागतील.

पण हा आकडा एकटा पुरत नाही. बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड औषध किती लवकर बाहेर टाकतं यावर बरंच अवलंबून असतं. दुधातून त्रास झाल्याच्या नोंदी बहुतांश दोन महिन्यांखालच्या बाळांच्या आहेत. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं, कमी वजनाचं, श्वास अडखळणारं किंवा आजारी बाळ असेल, तर तेच औषध तीच मात्रा असूनही वेगळा विचार करावा लागतो, आणि बालरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय काही ठरवू नये. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं, की दूध कमी होतं आणि औषधही कमी जातं.

गोळीच्या माहितीपत्रकात ‘स्तनदा मातांनी घेऊ नये’ असं छापलेलं असतं. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने त्या गटात चाचण्या केलेल्या नाहीत. खरी माहिती हवी तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ‘लॅक्टमेड’ हा इंग्रजी माहितीकोश मोफत आहे. कुणी डॉक्टर ‘बघून सांगतो’ म्हणाले तर त्यांना हे नाव सुचवायला संकोच करू नका.

पायरी ४: औषधांची ओळख

नैराश्य आणि चिंतेसाठी सर्ट्रालीनला पहिली पसंती मिळते. आरआयडी ०.५ ते २ टक्के, आणि बाळाच्या रक्तात ते बहुधा मोजण्याइतकंही सापडत नाही. पॅरॉक्सेटीनही ३ टक्क्यांच्या आत राहतं, पण अचानक बंद केलं तर आईला फार त्रास होतो. एसिटालोप्राम ३ ते ८ टक्के. चालतं, बाळाच्या झोपेकडे लक्ष ठेवावं. फ्लुओक्सेटीन काही नोंदींत १४ टक्क्यांपर्यंत गेलं आहे आणि ते शरीरातून निघायला आठवडे लागतात, त्यामुळे लहान बाळात साचतं. नव्याने सुरू करायचं असेल तर ते पहिलं निवडत नाहीत. व्हेन्लाफॅक्सीन ६ ते ८ टक्के. जुन्या औषधांत अमिट्रिप्टिलीन कमी उतरतं, पण डॉक्सेपीन टाळतात, कारण बाळाला गुंगी आणि श्वासाचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. बुप्रोपिऑन घेणाऱ्या आईच्या बाळाला झटके आल्याच्या एक-दोन नोंदी आहेत, तेव्हा दुसरा पर्याय असेल तर तो बघावा. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासीन यांची जोडगोळी आपल्याकडे ‘टेन्शनची गोळी’ म्हणून सहज लिहिली जाते. तिच्यातल्या मेलिट्रासीनबद्दल दुधाच्या दृष्टीने माहितीच जवळजवळ नाही. ती चालू असेल तर बदलून मागा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. जे औषध तुम्हाला पूर्वी लागू पडलं, गरोदरपणी चालू होतं आणि आत्ता तुम्हाला ठीक ठेवतंय, ते केवळ आकडा थोडा कमी यावा म्हणून बदलू नका. गरोदरपणी बाळाला नाळेतून जितकं औषध मिळतं, त्याच्या मानाने दुधातून बहुधा खूपच कमी जातं. फ्लुओक्सेटीनवर नऊ महिने स्थिर राहिलेल्या बाईचं औषध बाळंतपणाच्या आठवड्यात बदलणं म्हणजे सर्वांत धोक्याच्या दिवसांत तिला आधाराविना सोडणं. त्या आठवड्यात नवं औषध काम करायला लागलेलं नसतं.

इथेच एक गैरसमज होतो. गरोदरपणी या गोळ्या चालू असतील तर काही बाळं पहिले दोन-चार दिवस थरथरतात, जास्त रडतात, नीट ओढत नाहीत. ते नाळेतून मिळणारं औषध एकदम थांबल्यामुळे असतं, आणि बहुधा काही दिवसांत आपोआप जातं. दुधावर खापर फोडून अंगावरचं तोडू नका. बाळ बालरोगतज्ज्ञाला मात्र दाखवा.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांत लोराझेपाम जरा बरं, कारण ते लवकर निघून जातं. डायझेपाम दिवसेंदिवस साचत राहतं. क्लोनाझेपामही रेंगाळतं. अल्प्राझोलाम अचानक थांबवलं तर बाळाला चिडचिड झाल्याच्या नोंदी आहेत. अधूनमधून, कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी घेणं वेगळं आणि रोज रात्री महिनोन् महिने घेणं वेगळं.

सायकोसिसवरच्या औषधांत ओलान्झापीन २ टक्क्यांच्या आसपास आणि क्वेटियापीन १ टक्क्याच्या आत उतरतं. दोन्ही सोयीची आहेत. रिस्पेरिडोन ३ ते ९ टक्के. अमिसल्प्राइड जास्त जातं, १० टक्क्यांच्या आसपास. अॅरिपिप्राझोल बाळाला फारसं बाधत नाही, पण काही बायकांचं दूधच आटवतं. दूध कमी पडतंय म्हणून आई स्वतःला दोष देत असते आणि कारण गोळीत असतं. क्लोझापीनवर पाजू नये, असाच सल्ला देतात, कारण बाळाच्या पांढऱ्या पेशी घसरण्याचा आणि गुंगीचा धोका असतो. विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी घ्यावे लागले तरी पाजता येतं. शुद्धीवर येऊन आई नीट जागी झाली, की बाळाला घ्यावं.

लिथियम या बायपोलरवरच्या औषधाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चुका तिथेच जास्त होतात. लिथियम दुधात बरंच उतरतं, ३० टक्क्यांपर्यंत. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं तर ते झपाट्याने वाढतं. म्हणून अनेक डॉक्टर पाजू नका म्हणतात. वेळेवर जन्मलेलं, धडधाकट बाळ, एकट्या लिथियमवर स्थिर असलेली आई आणि वरचेवर रक्त तपासायची सोय असेल तर काही तज्ज्ञ पाजू देतात. अशा वेळी बाळाचं लिथियम, टीएसएच आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) जन्मानंतर लगेच, मग चार ते सहा आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तपासतात. प्रयोगशाळेत रक्त हिरव्या झाकणाच्या लिथियम हेपॅरिन नळीत घेतलं तर आकडा खोटा वाढलेला येतो. नमुना घेतानाच सांगा की लिथियमची तपासणी आहे. सिझेरियननंतर दुखण्यावर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सहज दिलं जातं. ते आईचं लिथियम चढवतं, म्हणून वॉर्डात पहिल्याच दिवशी लिथियम चालू असल्याचं सांगून पॅरासिटामॉल मागा. बाळाला जुलाब, उलट्या, ताप आला किंवा ते नीट पिईना, तर अंगावरचं थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा.

बायपोलरवरच दिलं जाणारं लॅमोट्रिजीन ९ ते १८ टक्के जातं, तरी बहुतेक बाळं ठीक राहतात. बाळाच्या अंगावर पुरळ दिसलं तर लगेच दाखवा. गरोदरपणी लॅमोट्रिजीनची किंवा लिथियमची मात्रा वाढवलेली असेल, तर बाळंतपणानंतर ती पुन्हा खाली आणावी लागते. हे विसरलं तर दोन-तीन आठवड्यांत आईला चक्कर येते, दोन-दोन दिसू लागतं, आणि दुधातलं औषधही वाढतं. डिस्चार्ज कार्डावर नवी मात्रा तारखेसकट लिहून घ्या. कार्बामाझेपीनवर बाळाची कावीळ आणि सुस्ती बघतात. व्हॅल्प्रोएट दुधात २ टक्क्यांहून कमी जातं. त्याचा प्रश्न वेगळाच आहे, तो शेवटी.

पायरी ५: सुरुवात कशी करायची

पहिली गोळी घेण्याआधी दोन-तीन दिवस बाळाची नोंद ठेवा. चोवीस तासांत किती वेळा प्यायलं, किती लंगोट ओले झाले, सलग किती तास झोपलं, वजन किती. ही नोंद नसली तर पुढे प्रत्येक जांभई औषधामुळेच वाटते.

सर्ट्रालीन बहुधा २५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ५० करतात. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, किंचित जास्त अस्वस्थपणा येतो. जेवणानंतर घेतली की बरं पडतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणं ही सगळ्यात मोठी चूक. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात.

गोळीची वेळ साधून बाळाला वाचवता येईल का, हे सगळेच विचारतात. लोराझेपामसारख्या अंगातून लवकर निघून जाणाऱ्या गोळीला ते लागू आहे: रात्री पाजून झाल्याबरोबर, बाळाच्या सर्वांत लांब झोपेआधी घ्या. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन यांची पातळी दिवसभर जवळपास सारखीच असते. त्यासाठी दूध पिळून फेकून देण्यात काही अर्थ नाही, तुमचं दूधच तेवढं कमी होईल.

पायरी ६: बाळाचं काय पाहायचं

पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा प्यायला हवं, ६ किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत. पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढतं. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून कार्डावर टिपून घ्या, आणि आपण कोणती गोळी घेतो तेही त्यांना सांगा.

बाळ उठवूनही उठत नाही, दोन वेळचं पिणं चुकलं, अंग ढिलं पडलं, श्वास मध्येच थांबतो, ओठ निळसर झाले, झटके आले, अशा वेळी पुढची गोळी घ्यायची की नाही याचा विचार नंतर करा. आधी दवाखाना गाठा आणि स्ट्रिप सोबत न्या.

आता घरातल्या गोष्टी. गुटीत जायफळ उगाळतात, आणि जायफळ गुंगी आणतं. आईची क्लोनाझेपाम चालू आणि बाळाला गुटी, अशा वेळी बाळ कशाने झोपलंय हे कुणालाच सांगता येत नाही. तसंही पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही द्यायचं नसतं, तेव्हा आजीला हे कारण नीट समजावून सांगा. दशमूलारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, झोपेच्या गोळीबरोबर ते नको. झोपेसाठी म्हणून मिळणाऱ्या सर्पगंधाच्या गोळ्या नैराश्य वाढवू शकतात. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा.

मेडिकलमधून येणाऱ्या गोष्टींत आणखी तीन सांभाळा. दूध वाढवायला दिलेलं मेटोक्लोप्रामाइड मन उदास करू शकतं, आणि डॉमपेरिडोन एसिटालोप्रामबरोबर हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. दोन्ही मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पाजणाऱ्या आईने टाळावं.

रात्रीची व्यवस्था

आईला सलग चार-पाच तास झोप मिळणं हे स्वतःच औषध आहे, बायपोलर असेल तर अत्यावश्यकच. रात्रीचं एक पिणं दुसऱ्या कुणाकडे द्या. दूध पिळून स्वच्छ, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. खोली २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास टिकतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात थेट फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत वापरा. गॅसवर तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा आणि वाटी-चमच्याने पाजा. झोप आणणारं कोणतंही औषध घेतलेल्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नका. त्याच खोलीत पण वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवा.

कुणी अडवलं, किंवा अंगावरचं थांबवावं लागलं तर

दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली, तर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा, निरोप तुम्ही पोचवू नका. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं. आईला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करता येत नाही. धोका वाटून वेगळं केलंच, तर दर १५ दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा लागतो. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आईबरोबर बाळालाही दाखल करून घेणारा कक्ष आहे.

कधी कधी पाजणं थांबवणंच योग्य असतं: क्लोझापीनशिवाय आजार आवरत नाही, लिथियमवर बाळाचं रक्त तपासायची सोय नाही, किंवा रात्रीच्या पाजण्याने आईची झोपच मोडतेय. असा निर्णय घेणारी आई बाळाचंच भलं पाहते, तिला टोमणे मारू नका. थांबवताना दोन-तीन दिवसांनी एकेक पिणं कमी करा, म्हणजे गाठी होत नाहीत. दूध आटवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टीन किंवा कॅबरगोलीन लिहून दिलं तर थांबा. ही औषधं सायकोसिस उफाळून आणू शकतात, म्हणून बायपोलर किंवा सायकोसिस असलेल्या बाईला ती देऊ नयेत हे तिथेच सांगा.

सव्वा महिन्याच्या तपासणीला

याच भेटीत पुढच्या गरोदरपणाचं बोलून घ्या. व्हॅल्प्रोएट घेताना दिवस गेले तर दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग आणि दहातल्या तीन-चार मुलांत वाढीचे, शिकण्याचे प्रश्न आढळतात. पाजतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. दुधात कमी उतरतं म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट सुरू करणं चूक आहे. आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंद न करता पर्याय विचारा. कार्बामाझेपीन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी पाडते. यांपैकी काही चालू असेल तर तांबी बसवणं सोपं, तिचा या औषधांशी काही संबंध येत नाही.